पोलादाचे पाणी आणि दुरुस्तीचा जोड

तेरणा नदीवर माकणी येथे निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण उभे राहिल्यापासून लोहारा तालुक्याच्या या मुलखात उसाचे क्षेत्र वाढले, उसाबरोबर साखर कारखान्यांची वाहतूक वाढली, आणि ज्या वर्षी पावसाने पाठ फिरविली त्या वर्षी बोअर मारणाऱ्या गाड्यांची वर्दळ वाढली. या सर्व यंत्रसामग्रीच्या पाठोपाठ, पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचे एक यंत्र, एक ग्राइंडर आणि एक गॅस कटर एवढ्या भांडवलावर चालणारी दुरुस्तीची दुकानेही रस्त्याच्या कडेने उभी राहिली. या दुकानांत येणारे लोखंड मात्र दरम्यानच्या काळात मुळापासून बदलले आहे आणि त्याची वर्दी दुकानदाराला कोणी दिलेली नाही. जुन्या ट्रॉलीची चौकट ज्या साध्या पोलादाची असे ते पोलाद कसेही सांधले तरी बहुधा सांभाळून घेई. आजच्या मालमोटारीची चासी, टिपरच्या हौद्याचा झीज सोसणारा पत्रा, जेसीबीच्या बकेटची धार आणि बोअरच्या गाडीचा रॉड यांचे पोलाद त्या जातीचे नाही. असा भाग तुटल्यावर वितळजोडाने सांधला तर तो पूर्वीइतका मजबूत राहतो काय, या प्रश्नाचे उत्तर धातुविद्येच्या ग्रंथांत, अपघातांच्या चौकशी-अहवालांत आणि प्रयोगशाळांच्या दफ्तरांत विखुरलेले आहे. ते एके ठिकाणी आणून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू.

प्रथम हे पोलाद बलवान होते कशाने ते पाहू. भारतीय मानक २०६२ मध्ये बांधकामाच्या पोलादाच्या ज्या प्रती दिल्या आहेत त्यांत ई २५० ही मामुली प्रत, म्हणजे चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन ताण येईपर्यंत कायमची न लांबणारी. तिच्यापुढे ई ३५०, ई ४५०, ई ५५० अशा पायऱ्या चढत ई ६५० पर्यंत ही यादी जाते, आणि युरोपातील एस ६९० सारख्या प्रती व टिपरच्या हौद्यांना लागणारे हार्डॉक्ससारखे पत्रे त्याहूनही पुढे आहेत. हे वाढीव बल केवळ कार्बन वाढवून आणता येते, परंतु मग पोलाद ठिसूळ होते आणि सांधण्यास नालायक ठरते; म्हणून गेल्या सात-आठ दशकांतील पोलादकारांनी कार्बन उलट कमी केला आणि बल मिळविले ते प्रामुख्याने उष्णतेच्या व्यवस्थेतून: कुठे लाटतानाचे तापमान काटेकोर राखून स्फटिककण बारीक केले, कुठे नायोबियम-व्हॅनेडियमची चिमूट घातली, कुठे तांबडालाल पत्रा पाण्याच्या फवाऱ्याने झटकन निववून पुन्हा बेताने तापविला. गावचा लोहार कुऱ्हाडीला पाणी देतो ते याच तत्त्वावर, आणि मोडलेला दांडा काढण्यासाठी कोणी ती कुऱ्हाड चुलीत घातली तर तिचे पाणी उतरते हेही त्याला ठाऊक असते. उच्चबल पोलादाच्या पत्र्याला असेच पाणी दिलेले असते. फरक इतकाच की ते डोळ्यांना दिसत नाही, आणि कारखान्याचा दाखला गाडीबरोबर गावापर्यंत येत नाही.

वितळजोड हा या पाण्यावरचा घाला होय. विद्युत्‌ज्योतीखाली धातू वितळतो, तेथून काही मिलिमीटर अंतरावर मूळ पोलाद वितळत नाही पण हजार-अकराशे अंशांपर्यंत तापते, आणखी थोड्या अंतरावर सातशे-आठशेपर्यंत, आणि त्यापलीकडे केवळ पाचशे-सहाशेपर्यंत. या संपूर्ण पट्ट्यास उष्णताबाधित पट्टा म्हणतात आणि दुरुस्तीच्या प्रश्नाचे बहुतेक मर्म त्याच्या दोन-चार मिलिमीटरांत साठलेले आहे. जोडालगतच्या अति तापलेल्या भागात स्फटिककण सुजतात, आणि भोवतालचा थंडगार जाड पत्रा उष्णता शोषून घेत असल्यामुळे तो भाग इतक्या वेगाने निवतो की तेथे मार्टेन्साइट नावाची अतिकठीण, ठिसूळ रचना तयार होते. याउलट पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, जेथे तापमान मूळ पाण्याच्या मर्यादेपेक्षा वर गेले परंतु नवे पाणी बसण्याइतके गेले नाही, तेथे पोलाद मऊ पडते. एकाच जोडाच्या शेजारी अति कठीण व अति मऊ असे दोन दोष नांदतात. निवण्याचा वेग सावकाश करावा, म्हणजे पत्रा आधी तापवून घ्यावा, तर कठीणपणा आटोक्यात येतो पण मऊ पट्टा रुंदावतो. वेग वाढवावा तर उलट. आठशेवरून पाचशे अंशांवर येण्यास लागणारा काळ हे या विद्येतील कळीचे मोजमाप, आणि ६९० जातीच्या पोलादांसाठी तो साधारणतः ५ ते २० सेकंदांच्या दरम्यान ठेवावा असा शिरस्ता आहे. कोणते पोलाद किती धोक्याचे याचा ठोकताळा बांधण्यासाठी कार्बनच्या अंशात मँगनीजचा सहावा, क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा आणि निकेल-तांब्याच्या बेरजेचा पंधरावा हिस्सा मिळवितात. ही बेरीज ०.४० च्या वर जाऊ लागली की आधी तापविल्यावाचून जोड मारू नये, असे सामान्यतः मानले जाते.

आता प्रयोगांची साक्ष काढू. पहिल्या वाचनात ही साक्ष परस्परविरोधी वाटते: काही ठिकाणी दुरुस्तीच्या जोडाने ताणबलात फरक पडला नाही असे निष्कर्ष, काही ठिकाणी चांगलीच घट. वस्तुतः विरोध दिसतो तितका नाही. ताणाच्या कसोटीत नमुन्याचा सर्वांत मऊ भाग लांबतो व तुटतो. मऊ पट्टा अरुंद असेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा कठीण धातू त्याला दाबून धरीत असेल, तर तो सुटा असताना जितका दुबळा ठरला असता तितका तो जोडात ठरत नाही. म्हणून नियंत्रित लाटणीच्या मध्यम बलाच्या पोलादात बेताच्या उष्णतेने केलेली दुरुस्ती ताणाच्या कसोटीस सहसा उतरते, तर पाणी दिलेल्या ६९० वा त्यापुढच्या पोलादात, विशेषतः पातळ पत्र्यावर मोठा करंट लावून जोड मारला असता, बल लक्षणीय घटते. माझ्या मते या कसोटीला व्यवहारात जे महत्त्व दिले जाते ते अवाजवी आहे. जोडलेला भाग जागच्या जागी ओढून तुटला अशी उदाहरणे थोडी, आणि वेगळ्या रीतीने तुटला अशी पुष्कळ.

चिवटपणाची गोष्ट अधिक गंभीर आहे. खाच पाडलेल्या नमुन्यावर लंबक आदळून तुटताना किती ऊर्जा खर्च झाली ते मोजण्याच्या शार्पी कसोटीत उष्णताबाधित पट्ट्याचे आकडे मूळ धातूच्या पुष्कळ खाली येऊ शकतात, आणि तेही विखुरलेले येतात: एकाच जोडातून कापलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन उत्तम, तिसरा निकृष्ट. दुरुस्तीत एक नवी गुंतागुंत शिरते. पहिल्या जोडाने कण सुजविलेल्या भागावर दुसऱ्या जोडाची उष्णता पोहोचली आणि ती नऊशेच्या पुढे गेली, तर तेच कण पुन्हा बारीक होतात, म्हणजे दुरुस्ती उपकारक ठरते. पण ती सातशे ते साडेआठशेच्या मधल्या टापूत थांबली, तर कणांच्या सीमांवर कार्बनने माखलेली कठीण बेटे तयार होतात आणि तेथून भेग सुटणे सोपे जाते. समुद्रातील तेलमंचांच्या जाड पोलादात या स्थानिक ठिसूळ जागांचा फार अभ्यास झाला. एकाच जागी तीन-चारदा खोदून पुन्हा पुन्हा जोडणे अनेक उद्योगांच्या नियमांनी मर्यादित केले आहे, ते अशाच अनुभवांतून. अणुशक्ती व बॉयलर क्षेत्रांतील कारागिरांनी मात्र याच नियमाचा फायदा उठविला: पहिल्या थराच्या वर दुसरा थर अशा मापाने मारायचा की त्याची ऊब खालच्या सुजलेल्या कणांना बारीक करून ठिसूळपणाही उतरवील. ही पद्धत सुंदर आहे, पण हाताला फार शिस्त मागते.

याहून कपटी शत्रू म्हणजे हायड्रोजन. रॉडच्या आवरणातील ओल, पत्र्यावरचा गंज, तेल वा ओला रंग यांतून निघालेला हा वायू वितळलेल्या धातूत विरघळतो, आणि जोड निवल्यावर, कधी काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, कठीण पट्ट्यात भेग पाडतो. जोड मारला तेव्हा कारागिराने पाहिलेला चकचकीत पृष्ठभाग त्याची काहीच चाहूल देत नाही. यासाठी ७०१८ सारखे लो-हायड्रोजन रॉड आणि तेही तीनशे-साडेतीनशे अंशांच्या भट्टीत भाजून घेतलेले वापरावयाचे असतात. पावसाळ्यात उघड्या पुड्यात आठवडाभर पडलेला ७०१८ चा रॉड नावापुरताच लो-हायड्रोजन राहतो, आणि साधा ६०१३ तर त्या वर्गातलाच नव्हे. तरीही बहुतेक दुकानांत तोच हाताशी असतो, कारण तो गोड पेटतो. १० जुलै १९६२ रोजी मेलबर्नच्या किंग स्ट्रीट पुलाचा एक गाळा सुमारे ४५ टनांच्या वाहनाखाली खचला. हा पूल उघडून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. त्याचे गर्डर त्या काळच्या मानाने उच्चबल पोलादाचे, वितळजोडाचे. चौकशी आयोगास आढळले की गर्डरांच्या खालच्या पट्टीवर जोडलेल्या आवरण-पट्ट्या जेथे संपत होत्या तेथील आडव्या जोडांशेजारी उष्णताबाधित पट्ट्यात भेगा होत्या आणि त्यांतील काही पूल उभा राहण्याच्या आधीपासूनच्या होत्या. थंडीच्या दिवशी ठिसूळ झालेल्या पोलादात त्या धावल्या. हा नव्या बांधकामाचा अपघात खरा, परंतु दुरुस्तीच्या जोडाचे सर्व दुर्गुण त्यात हजर आहेत.

हावडा पुलाशी तुलना केली असता हा काळाचा फरक ध्यानात येतो. १९४३ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या त्या पुलात सुमारे २६,५०० टन पोलाद आहे आणि त्यातील बहुतांश टाटांचे टिसक्रोम हे उच्चबल पोलाद. पण तो संपूर्ण रिव्हेटचा आहे, म्हणून त्याच्या पाण्याला ज्योतीचा स्पर्श झाला नाही. रिव्हेटपासून वितळजोडाकडे जाताना अभियंत्यांनी वजन व वेळ वाचविला आणि त्याबदल्यात धातुविद्येचे एक नवे कर्ज डोक्यावर घेतले.

वितळलेला धातू निवताना आकसतो, भोवतालचा थंड धातू त्याला आकसू देत नाही, आणि त्या ओढाताणीत जोडाच्या जागी जे अवशिष्ट प्रतिबल कायमचे कोंडले जाते ते कित्येकदा पोलादाच्या लांबण्याच्या मर्यादेइतके असते. दुरुस्तीत ते नव्या जोडापेक्षा वाईट, कारण नवा पत्रा सरकू शकतो, पण उभ्या यंत्रातील खाच चारही बाजूंनी जखडलेली असते. येथे एक विस्मयकारक निष्कर्ष सांगण्यासारखा आहे: आखूड दुरुस्ती लांब दुरुस्तीपेक्षा अनेकदा अधिक घातक ठरते, कारण आखूड जोडाची दोन टोके जवळ असून त्याला आडवा आकसण्यास कोठेच मुभा मिळत नाही. दोन इंचांची भेग तेवढीच खोदून तेवढीच भरण्याची जी काटकसर दुकानात केली जाते ती गणिताला मान्य नाही. जोडानंतर संपूर्ण भाग ५५०-६०० अंशांवर तापवून हे प्रतिबल उतरविता येते, पण पाणी दिलेल्या पोलादात हाच इलाज मूळ पाणी उतरवितो. हार्डॉक्सच्या बहुतेक प्रती तर २५० अंशांच्या वर तापवूच नयेत अशी कारखानदाराची सूचना आहे. अशा पत्र्याच्या बाबतीत पूर्वतापनाची खालची आणि वरची मर्यादा यांमधील वाट अरुंद असते, आणि गॅसच्या ज्योतीने डोळ्यांच्या अंदाजावर ती सापडत नाही.

शिणवट्याचा विषय मी मुद्दाम सावकाश घेतो, कारण आपल्या रस्त्यांवरील बहुतेक तुटी याच प्रकारच्या आहेत. एकदाच येणारा मोठा ताण आणि लाखो वेळा येणारा लहान ताण यांना पोलाद निरनिराळे उत्तर देते. उसाने ठासून भरलेली ट्रॉली खड्ड्यांतून जाताना हुकापाशी, कण्याच्या आधारापाशी वा चासीच्या आडव्या पट्टीपाशी जे हिंदोळे बसतात ते प्रत्येकी किरकोळ असतात, पण हंगामागून हंगाम त्यांची संख्या लाखांत भरते. जोडाच्या पायथ्याशी, जेथे जोडाचा उंचवटा पत्र्याला मिळतो, तेथे सूक्ष्म मळी व खाचा असतात आणि भेग तेथूनच निघते. तिचा जन्मकाळ इतका अल्प असतो की मूळ पोलाद किती बलवान हा प्रश्नच उरत नाही. टी. आर. गर्नी यांनी ब्रिटनमध्ये केलेल्या आणि १९६८ च्या त्यांच्या ग्रंथात मांडलेल्या कामापासून हा सिद्धांत पक्का झाला आहे, व आजच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीही त्याच पायावर उभ्या आहेत: जोडाच्या जागी २० लाख आवर्तने सोसणारा ताणाचा पल्ला जोडाच्या आकारानुसार साधारण ५० ते ११० न्यूटनांच्या दरम्यान ठरतो, आणि पोलाद २५० चे की ६९० चे याचा त्यात काडीइतका फरक पडत नाही. अर्थात उच्चबल पोलाद घेऊन पत्रा पातळ केला, ताण वाढू दिला, आणि मग त्यावर जोड मारला, तर आयुष्य सुधारण्याऐवजी झपाट्याने घटते. ताणाचा पल्ला दुप्पट झाला की आयुष्य सुमारे एक अष्टमांशावर येते. चासी बनविणारे कारखाने तिच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांवर वेल्डिंग करू नका म्हणून बजावतात ते याच हिशेबाने, आणि मडगार्डचा एक ब्रॅकेट लावण्यासाठी त्यांचा हुकूम मोडला जातो. क्षुल्लक जोडाचे मोल किती होऊ शकते याचा दाखला उत्तर समुद्रातील अलेक्झांडर एल. कीलंड या तेलमंचाने दिला: त्याच्या एका बंधननळीवर ध्वनिग्राहकाचा आधार बसविताना मारलेल्या लहानशा कोनजोडातून भेग निघाली, ती नळी तुटली, आणि २७ मार्च १९८० रोजी मंच उलटून १२३ माणसे बुडाली.

दुरुस्तीने शिणवट्याचे आयुष्य परत मिळते, कधी मूळच्याहूनही अधिक मिळते, पण ते जोड मारल्याने नव्हे, जोड मारल्यानंतरच्या कामाने. भेग संपूर्ण खोदून काढली की नाही हे लाल द्रव लावून तपासावे, मग भरावे, मग जोडाचा पायथा ग्राइंडरने ताणाच्या दिशेने गुळगुळीत करावा, आणि शक्य तेथे बारीक तोंडाच्या हातोड्याने ठोकून पृष्ठभागावर दाबाचे प्रतिबल कोंडावे. ही ठोकणी आज उच्च वारंवारितेच्या यंत्रांनी होते आणि तिचा लाभ उच्चबल पोलादातच सर्वाधिक दिसतो, हे जोडाच्या वरील नियमाला सुखद अपवाद म्हणून नोंदविण्यासारखे आहे. ग्राइंडरच्या ओळी मात्र ताणाला आडव्या राहिल्या तर त्या ओळीच नव्या खाचा होतात.

या तालुक्याच्या संदर्भात एक वेगळे उच्चबल पोलाद विसरता येत नाही, ते म्हणजे घरांतील सळई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर पट्ट्यात भूकंप झाला तेव्हा पडली ती दगड-मातीची घरे. त्यानंतरच्या पुनर्वसनात सिमेंट-काँक्रीट आले आणि त्याबरोबर, पुढे जालन्याच्या गिरण्यांतून मराठवाडाभर पोहोचणारी, टीएमटी सळई. लाटल्यावर लालभडक सळई पाण्याच्या नळ्यांतून नेतात, तिची साल कठीण होते, आणि आतल्या गाभ्याच्या उष्णतेने ती साल आपोआप चिवट बनते. फे ५०० या प्रतीचे ५०० न्यूटनांचे बल पुष्कळसे या सालीत आहे. बांधकामावर सळई कमी पडली म्हणून तिला तुकडा डागणे, वाकलेली सळई गॅसने तापवून सरळ करणे, रिंगा तारेने बांधण्याऐवजी टाके मारून बसविणे, या तिन्ही सवयी ती साल जाळतात. भारतीय मानक १७८६ फे ५०० मध्ये कार्बन ०.३० टक्क्यांपर्यंत चालवून घेते, फे ५०० डी मध्ये ०.२५ पर्यंतच; म्हणून जेथे सांधणे अटळ तेथे दुसरी प्रत मागावी, किंवा आट्यांचा कपलर वापरावा, आणि ज्या स्तंभाच्या पायाशी भूकंपाचे हेलकावे बसणार तेथे जोड मुळी येऊच देऊ नये. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, कॅलिफोर्नियातील नॉर्थरिजच्या भूकंपात अनेक पोलादी इमारतींच्या तुळई-स्तंभ सांध्यांत भेगा सापडल्या. भरलेल्या धातूचा अपुरा चिवटपणा आणि सांध्याची मांडणी ही त्यांची प्रमुख कारणे ठरली, आणि त्या सांध्यांची दुरुस्ती हा अमेरिकेत काही वर्षे स्वतंत्र संशोधनाचा विषय झाला.

काही वस्तू अशा आहेत की त्या सांधण्याचा विचारच करू नये. गाडीचे कमानपाटे साधारण अर्धा टक्का वा अधिक कार्बनचे असतात. जुन्या पाट्यांचे कोयते व कुऱ्हाडी उत्तम होतात, पण तुटलेल्या पाट्यावरचा जोड पहिल्या जड खेपेला दगा देतो. उचलण्याच्या साखळ्या व हुक यांचेही तसेच. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रा धरणाच्या १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. धरणांच्या दरवाजांचे पत्रे पुष्कळदा साध्या, सांधण्यास सोयीच्या पोलादाचे असतात, परंतु त्यांना तोलणारे भाग तसे नसतात, आणि देखभालीच्या टिपणीत हा भेद स्पष्ट लिहिलेला असावा.

जेथे पैसा, वेळ आणि शिस्त आहे तेथे उच्चबल पोलादाची दुरुस्ती बिनधोक होते, हेही सांगितले पाहिजे. माझगाव गोदीत बांधलेली शाल्की ही पाणबुडी १९९२ मध्ये नौदलात आली. पाणबुडीचे कवच सांधणाऱ्या कारागिराची परीक्षा होते, रॉडच्या प्रत्येक पुड्याची नोंद होते, जोडाचे क्ष-किरण व ध्वनिलहरींनी परीक्षण होते, आणि दोष निघाला तर दुरुस्तीचीही स्वतंत्र लेखी पद्धत मंजूर करून घ्यावी लागते. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेने विकसित केलेले डीएमआर २४९ हे पोलाद, जे २०२२ मध्ये दाखल झालेल्या विक्रांतच्या बांधणीत वापरले गेले, तेही कमी कार्बनचे आहे. पोलादकाराने कारागिराचा भार जितका हलका करता येईल तितका करावा, ही दिशा जगभर दिसते. गावच्या दुकानात येणारी गाडी मात्र आपला पूर्वेतिहास सांगत नाही. जमिनीच्या सातबाऱ्यावर प्रत्येक फेरफाराची नोंद असते, पण चासीवर आजवर कोणी, कोणत्या रॉडने, किती वेळा जोड मारला याचा कागद कोठेच नसतो, आणि तिसऱ्यांदा जोडणारा स्वतःला पहिलाच समजतो.

उसाच्या हंगामात कारखान्याच्या गव्हाणीपुढे रांग लागलेली असते, तोडणीची टोळी शेतात खोळंबते, आणि मालकाला गाडी तासाभरात हवी असते. हायड्रोजनच्या भेगेसाठी जोडानंतर ४८ तास थांबून तपासावे हा नियम त्याला सांगून उपयोग नाही. तडजोड निघते ती अशी की जोड संपताच तो भाग निवू न देता सुमारे २०० अंशांवर दोन तास राखावा, म्हणजे बराच वायू आपोआप बाहेर पडतो. मग गोणपाटाखाली, वाऱ्यापासून दूर, तो सावकाश निवू द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी भरण्यापूर्वी, लाल द्रवाने जोडाच्या दोन्ही कडा पुन्हा एकदा तपासाव्यात. तापमान अजमावण्यासाठी ठराविक अंशाला वितळणारे खडू मिळतात. पत्र्यावर ओढलेली त्याची रेघ वितळली की तेवढी उष्णता झाली, इतके त्याचे काम सोपे आहे.